जुन्या लॅपटॉपची रॅम वाढवायची तर दुकानात जाण्याआधी काय बघायचं

प्रश्न थोडक्यात असा. इंदूरच्या सुदामा नगरात राहणाऱ्या एका ताईंकडे २०१४ मध्ये घेतलेला लॅपटॉप आहे. इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम (चालू कामांसाठीची तात्पुरती मेमरी), मूळची ५०० जीबीची हार्ड डिस्क आणि विंडोज १०. मुलगा अकरावीत आहे, तो त्यावर क्लासचे व्हिडिओ बघतो आणि शेजारी पीडीएफ उघडी ठेवतो. त्या स्वतः एका संस्थेचे हिशेब एक्सेलमध्ये लिहितात. मशीन सुरू व्हायलाच पाच मिनिटं घेतं आणि ब्राउझरमध्ये चार टॅब उघडले की अडकतं. एक दुकानदार म्हणाला, "दीदी, इसमें अब कुछ नहीं होगा, नया ले लो." दुसऱ्याने १६ जीबी टाकायचा आग्रह धरला. रॅम टाकावी का, किती, कोणती, आणि घरी बसवता येईल का, असं त्यांनी विचारलं आहे.

ताई, आधी सरळ उत्तर देतो. रॅम टाका. ४ जीबीची आणखी एक स्टिक, म्हणजे रॅमची पट्टी घ्या, म्हणजे एकूण ८ जीबी होईल. ती पीसी३एल प्रकारचीच हवी (अर्थ खाली सांगतो), यात तडजोड नको. तुम्ही सांगितलेल्या कामांना १६ जीबी लागत नाही. आणि नुसती रॅम टाकून थांबू नका, हार्ड डिस्क काढून तिथे एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क बसवा, कारण सुरू व्हायला लागणारी पाच मिनिटं रॅमने कमी होणार नाहीत. दोन्ही कामं घरी होतात.

हे मी तुमचं मशीन न बघता सांगतोय, म्हणून खरेदीआधी घरीच खात्री करून घ्या. हेच मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. दुरुस्तीला येणाऱ्या मशीनमध्ये मी वारंवार बघतो, माणसाने रॅमवर पैसे घातलेले असतात आणि दुखणं डिस्कचं असतं, किंवा उलट. मोजायला पाच-दहा मिनिटंच लागतात.

रोज जे जे एकाच वेळी उघडता ते सगळं उघडा: व्हिडिओ, पीडीएफ, एक्सेल, ब्राउझरचे नेहमीचे टॅब. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात 'परफॉर्मन्स'वर जाऊन मेमरी, डिस्क आणि सीपीयू (प्रोसेसर) हे तीन आकडे चार-पाच मिनिटं काम करत करत बघा. मेमरी ९० टक्क्यांच्या आसपास आणि त्याच वेळी डिस्क १०० टक्क्यांवर चिकटलेली दिसली, तर मेमरी अपुरी पडते आहे. जागा संपली की विंडोज मेमरीतला काही भाग डिस्कवर उतरवून ठेवतं आणि लागला की परत आणतं. तुमच्या लॅपटॉपमधली रॅमची एक स्टिक सेकंदाला १२.८ जीबीपर्यंत माहिती देऊ शकते. जुनी हार्ड डिस्क सलग वाचताना जेमतेम १०० एमबीच्या घरात असते आणि इकडची-तिकडची तुकड्यातुकड्यांची माहिती वाचताना त्याच्याही खूप खाली जाते. टॅब बदलल्यावर पडदा पांढरा होऊन राहतो तो त्यामुळे.

मेमरी ५०-६० टक्के आणि डिस्क मात्र १०० टक्के, असं दिसलं तर दोष डिस्कचाच. तिथे रॅम दुप्पट करूनही काही हाती लागणार नाही. आणि सीपीयूच सतत १०० टक्क्यांवर असेल, तर आधी पंखा आणि त्याच्या जाळीत बसलेली धूळ बघा. पंखा स्वच्छ असूनही तसंच राहिलं, तर त्या प्रोसेसरची ताकद तेवढीच आहे, त्यावर रॅमचा इलाज नाही.

त्याच मेमरीच्या पानावर खाली आणखी तीन गोष्टी लिहिलेल्या असतात, त्या कागदावर उतरवून घ्या. 'स्पीड'समोर बहुतेक १६०० दिसेल. 'स्लॉट्स यूज्ड'समोर दोनपैकी एक, असं असेल तर एक जागा रिकामी आहे. दोनपैकी दोन असेल तर आत २ जीबीच्या दोन स्टिक आहेत, मग ८ जीबीसाठी दोन्ही काढून ४ जीबीच्या दोन घ्याव्या लागतील. 'फॉर्म फॅक्टर'समोर एसओडीआयएमएम असेल तर रॅम बदलता येण्यासारखी आहे. तिथे 'रो ऑफ चिप्स' असं दिसलं तर रॅम बोर्डावर झाळलेली असते. काही मॉडेलमध्ये झाळलेल्या रॅमबरोबर एक मोकळा स्लॉटही असतो, पण पातळ लॅपटॉपमध्ये बऱ्याचदा तोही नसतो. मॅकबुक एअर वापरणाऱ्यांनी तर हा विचारच सोडून द्यावा, त्यात रॅम पहिल्यापासून झाळलेलीच येते.

एक तपासणी अजून. सेटिंग्जमध्ये 'सिस्टिम'खाली 'अबाउट' उघडा आणि 'सिस्टिम टाइप' वाचा. ६४-बिट हवं. विंडोज १० किंवा ७ ची ३२-बिट आवृत्ती असेल तर तिला ४ जीबीच्या पलीकडची मेमरी वापरताच येत नाही. नवी स्टिक बसते, चाचणीत दिसते, आणि विंडोज मात्र साडेतीनच्या आसपासच दाखवत राहतं. ३२-बिटवरून ६४-बिटवर जायचं तर विंडोज कोरी टाकावी लागते, वरच्यावर बदलता येत नाही. स्वस्तात फॉरमॅट करून दिलेल्या मशीनमध्ये ३२-बिट अजूनही सापडते, म्हणून सांगतोय.

आता रॅमच्या लेबलकडे येऊ. चूक सगळ्यात जास्त इथेच होते. तुमच्या लॅपटॉपमधली स्टिक काढून हातात घ्या (उघडण्याआधीची काळजी खाली सांगितली आहे, ती आधी वाचा). तळहाताच्या रुंदीपेक्षा लहान हिरवी पट्टी, खालच्या काठाला सोनेरी पट्ट्या आणि मध्याच्या थोडं बाजूला एक खाच. वर कागदी लेबल असेल, त्यावर साधारण असं लिहिलेलं असतं: ४ जीबी, १आरएक्स८, पीसी३एल-१२८००एस. हे एकेक करून वाचा.

'पीसी३' म्हणजे डीडीआर३ या प्रकारची रॅम. पुढचा 'एल' कमी व्होल्टेजचा. साधी डीडीआर३ १.५ व्होल्टवर चालते, एलवाली १.३५ व्होल्टवर. चौथ्या पिढीचे नावाच्या शेवटी यू असलेले प्रोसेसर, म्हणजे तुमच्यासारख्या लॅपटॉपमधले, १.३५ व्होल्टचीच मेमरी मागतात. अडचण अशी की दोन्ही प्रकारांत २०४ पिन असतात आणि खाचही एकाच जागी असते. त्यामुळे साधी डीडीआर३ तुमच्या लॅपटॉपमध्ये अगदी बरोबर बसेल, क्लिकही होईल, आणि बटण दाबल्यावर पडदा काळाच राहील. मग लोकांना वाटतं मदरबोर्ड गेला. बहुतेक वेळा काहीच गेलेलं नसतं, ती स्टिक काढली की मशीन पूर्ववत चालू होतं. उलट दिशेने मात्र चालतं: एलवाली स्टिक १.५ व्होल्टही सहन करते, म्हणून २०११-१२ च्या लॅपटॉपमध्येही ती सहसा लावता येते. दोन्हींतून निवडायची वेळ आली तर नेहमी एलवाली घ्या.

'१२८००' हा आकडा बघून बरेच जण गोंधळतात, कारण दुकानात सगळे '१६००' म्हणतात. दोन्ही एकच आहेत. सेकंदाला १६०० दशलक्ष वेळा, दर वेळी ८ बाइट, म्हणजे सेकंदाला १२,८०० एमबी. १०६०० लिहिलेलं असेल तर ती १३३३ ची. ती लावली तरी मशीन चालेल, फक्त दोन्ही स्टिक मंद असलेलीच्या वेगाने चालतील. शेवटचा 'एस' म्हणजे लॅपटॉपच्या आखूड मापाची. डेस्कटॉपची लांब स्टिक तुमच्यात बसणारच नाही.

'१आरएक्स८' किंवा '२आरएक्स८' हे चिप्सच्या मांडणीबद्दल आहे. ४ जीबीच्या स्टिकमध्ये ८ चिप्स किंवा १६ चिप्स, दोन्ही तुमच्याकडे चालतात. पण ज्यांना एकच ८ जीबीची स्टिक घ्यायची आहे त्यांनी २आरएक्स८, म्हणजे दोन्ही बाजू मिळून १६ चिप्स असलेलीच मागावी. चौथ्या पिढीपर्यंतच्या इंटेल प्रोसेसरना एका चिपमध्ये ४ गिगाबिटपेक्षा जास्त क्षमता वाचता येत नाही. १६ जीबीची एकच डीडीआर३एल स्टिक त्याच कारणाने त्यांच्यात चालत नाही, ती पाचव्या पिढीपासून पुढे.

तुमच्याकडे एकच स्लॉट भरलेला असेल तर ४ अधिक ४ हा मेळ मला ८ च्या एका स्टिकपेक्षा जास्त पसंत आहे. दोन सारख्या स्टिक असल्या की प्रोसेसर दोन्हीतून एकाच वेळी माहिती ओढतो. तुमच्या लॅपटॉपमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर पडद्यावरचं सगळं चित्र याच रॅममधून जातं, म्हणून व्हिडिओ बघताना हा फरक जाणवतो. ४ अधिक ८ ही चालतं, चुकीचं नाही, पण त्यात सगळीच मेमरी जोडीने चालत नाही.

इतर पिढ्यांचं थोडक्यात: दुसऱ्या-तिसऱ्या पिढीला डीडीआर३, पाचवीला डीडीआर३एल. सहावी-सातवी संमिश्र आहे, काहींत डीडीआर३एल तर काहींत डीडीआर४, त्यामुळे लेबल न वाचता घेऊच नका. आठवीपासून लॅपटॉपमध्ये साधारण डीडीआर४. डीडीआर४ ला २६० पिन असतात आणि खाच वेगळ्या जागी, ती चुकूनही डीडीआर३ मध्ये शिरत नाही. इंटेलच्या स्वस्त सेलेरॉन प्रोसेसरपैकी काहींना, उदाहरणार्थ एन३०६० किंवा एन४०००, इंटेलने ८ जीबीची मर्यादा दिलेली आहे.

खरेदीचं बोलू. आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये किंवा जेल रोडला जाल तेव्हा जुनी स्टिक सोबत न्या, निदान लेबलचा स्पष्ट फोटो तरी न्या, आणि तोंडी "लॅपटॉपची डीडीआर३" एवढंच मागू नका. 'पीसी३एल' हे लेबलवर स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. माझं ठाम मत असं आहे की डीडीआर३एलच्या बाबतीत सॅमसंग, हायनिक्स किंवा मायक्रॉनची वापरलेली स्टिक ही कधीही न ऐकलेल्या नावाच्या नव्याकोऱ्या स्टिकपेक्षा चांगली. रॅममध्ये फिरणारा, झिजणारा भाग नसतो. दहा वर्षं चाललेली आणि चाचणीत खरी उतरलेली स्टिक पुढेही चालते. नव्या नावांमध्ये मात्र अनेकदा कुठकुठल्या चिप्स गोळा करून झाळलेल्या असतात. ओळखायचं कसं? सगळ्या चिप्सवरचा छापील मजकूर सारखा आहे का बघा. लेबलखाली दुसऱ्या लेबलचा चिकटपणा किंवा खरवडल्याच्या खुणा आहेत का बघा. दुकानात लावून दाखवत असतील तर सीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर उघडायला सांगा. त्याच्या 'एसपीडी' पानावर कंपनीचं नाव आणि क्षमता दिसते, ती लेबलशी जुळली पाहिजे. आणि बिलावर बदलून देण्याची मुदत लिहून घ्या, कारण खरी चाचणी घरी रात्रभर होणार आहे.

भावाबद्दल एवढंच, की २०२५ च्या अखेरीपासून मेमरी महागली आहे. चिप बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी आपलं बळ एआयच्या डेटा सेंटरना लागणाऱ्या मेमरीकडे वळवलं, त्याची झळ बाजाराला बसली. म्हणूनही १६ जीबीच्या आग्रहाला मान डोलवू नका. तीन दुकानांत विचारून मगच घ्या.

आता बसवणं. घाई नसलेला वेळ निवडा. बॅटरी फुगलेली नाही ना, हे सगळ्यात आधी बघा. टचपॅड वर उचलल्यासारखा वाटत असेल, किंवा लॅपटॉप टेबलावर ठेवल्यावर डुगडुगत असेल, तर चार्जर काढा आणि मशीन दुरुस्तीवाल्याकडे न्या. फुगलेल्या बॅटरीवर दाब देऊन किंवा पेचकस घालून ती काढायला जाऊ नका, आग लागू शकते.

बॅटरी ठीक असेल तर मशीन 'शट डाउन' करा, नुसतं झाकण मिटून नाही. चार्जर काढा. २०१४ च्या बऱ्याच लॅपटॉपना खालून सरकणाऱ्या कळीची बॅटरी असते, ती काढा. मग चालू करायचं बटण वीसेक सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाईल. बॅटरी आतच असेल तर झाकण उघडल्यावर पहिलं काम तिचा जोड बोर्डापासून सोडवायचं.

आपल्याकडे मार्च ते मे हवा फार कोरडी असते. नायलॉनचे कपडे आणि प्लास्टिकची खुर्ची असेल तर अंगावर साठलेली वीज चिपला मारक ठरू शकते. सुती कपडे घाला, खाली सुती चादर अंथरा, आणि बोर्डाला हात लावण्याआधी लॅपटॉपच्या यूएसबी जोडाच्या बाहेरच्या धातूला बोट लावा. स्टिक नेहमी दोन बाजूंच्या कडांनी धरा, सोनेरी पट्ट्यांना बोट नको.

तळाशी रॅमसाठी वेगळं छोटं झाकण असेल तर एक-दोन स्क्रूंत काम होतं. नसेल तर पूर्ण तळ उघडावा लागतो. काही स्क्रू रबरी पायांखाली लपलेले असतात, म्हणून झाकण निघत नसेल तर जोर लावण्याआधी ते शोधा. कागदावर लॅपटॉपचा चौकोन काढून ज्या जागचा स्क्रू त्या जागी चिकटपट्टीने लावून ठेवा. स्क्रूंची लांबी वेगवेगळी असते. लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर तो वरच्या प्लास्टिकला उंचवटा आणतो किंवा बोर्डात घुसतो. झाकणाच्या कडेला पेचकस घालू नका, जुनं एटीएम कार्ड पुरतं. काही मॉडेलमध्ये दुसरा स्लॉट कीबोर्डच्या खाली असतो. तळ उघडल्यावर एकच स्लॉट दिसला आणि टास्क मॅनेजर दोन म्हणत असेल, तर तिथे थांबा आणि ते काम दुरुस्तीवाल्याला द्या.

स्टिकची खाच स्लॉटमधल्या दांड्याशी जुळवा. स्टिक साधारण ३० अंशांत तिरकी धरा आणि आत सरकवा. सोनेरी पट्ट्या जवळजवळ दिसेनाशा होईपर्यंत ती आत गेली पाहिजे. नव्याने बसवणारे बहुतेक जण इथे कमी पडतात, स्टिक अर्धवट आत असतानाच खाली दाबतात. पूर्ण आत गेली की मगच दोन्ही कडांवर बोटं ठेवून खाली दाबा. दोन्ही बाजूंच्या धातूच्या पकडी 'टक्' आवाज करून स्टिकला धरतील. एकच पकड बसली असेल तर काढून परत बसवा. उघडलेलंच आहे तर पंख्यावरची धूळही मऊ ब्रशने काढा, त्या वेळी पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, गरगर फिरू देऊ नका.

बॅटरी लावून सुरू करा. पहिल्यांदा पडदा मिनिटभर काळा राहू शकतो, मशीन एकदा आपोआप बंद होऊन परत सुरूही होऊ शकतं, कारण ते नवी मेमरी ओळखून घेत असतं. त्या वेळी बटण दाबून बंद करू नका. दोन-तीन मिनिटांनीही काही दिसलं नाही, किंवा बीप वाजत राहिली, तर परत वीज पूर्ण काढून स्टिक पुन्हा बसवा. जुन्या स्टिकच्या सोनेरी पट्ट्या काळपट दिसत असतील तर पांढऱ्या मऊ खोडरबराने हलक्या हाताने पुसा आणि कण ब्रशने झटका. तरी नाही, तर फक्त जुनी स्टिक लावून बघा, मग फक्त नवी, मग स्लॉट बदलून. दोष स्टिकचा की स्लॉटचा, हे लगेच कळतं.

सुरू झालं की टास्क मॅनेजरमध्ये ८ जीबी दिसेल. त्यातला थोडा भाग 'हार्डवेअर रिझर्व्ह्ड' म्हणून ग्राफिक्सकडे जातो, ते योग्यच आहे. पण दिसली म्हणजे झालं, असं मानू नका. मेमटेस्ट८६ हे मेमरी तपासणारं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर टाकून त्याच रात्री चालवत ठेवा. तेवढं जमत नसेल तर विंडोजमधलंच 'मेमरी डायग्नोस्टिक' चालवा. एकही चूक आली तरी स्टिक परत करा. अर्धवट खराब रॅम मशीन बंद पाडत नाही, ती फाइली बिघडवते. संस्थेचे हिशेब त्या मशीनवर आहेत, तिथे ही जोखीम घेऊ नये.

विंडोजचा विषय टाळता येणार नाही. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने वर्षभराच्या वाढीव सुरक्षा अपडेटची योजना जाहीर केली, तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. विंडोज ११ मोजके अपवाद सोडले तर इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढच्या प्रोसेसरवरच अधिकृतपणे चालते, तुमचा चौथ्या पिढीचा त्यात बसत नाही. रॅम ८ काय, १६ केली तरी हे बदलत नाही. ज्याने नवा घ्यायला सांगितलं त्याच्या बोलण्यात एवढा भाग खरा आहे. पण म्हणून मशीन टाकून देण्याची गरज मला दिसत नाही. व्हिडिओ, पीडीएफ, ब्राउझर आणि साध्या हिशेबांसाठी ८ जीबी आणि एसएसडीवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट उत्तम चालतं. ते मोफत आहे, त्यात मराठी टंकलेखन होतं आणि लिबरऑफिस तुमच्या बहुतेक एक्सेल फाइली उघडतं. मॅक्रो (एक्सेलमध्ये आपोआप चालणाऱ्या सूचना) वापरत असाल तर त्या फाइली आधी तपासून घ्या. पेनड्राइव्हवरून न बसवताच चालवून बघता येतं, मुलाला सोबत घेऊन एकदा बघा.

पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर तुमच्या बाबतीत मी आधी एसएसडी सांगेन. २.५ इंची साटा प्रकारची, २४० किंवा २५६ जीबीची पुरते, आणि ती हार्ड डिस्कच्या जागी त्याच जोडात बसते. रॅम महिन्याभराने टाकली तरी चालेल. काम सुरू करण्याआधी हिशेबाच्या फाइली आणि फोटो दुसरीकडे उतरवून घ्या. काढलेली ५०० जीबीची डिस्क चांगली असेल तर यूएसबीच्या डबीत घालून ठेवा. हिशेबांची दर महिन्याची प्रत तिच्यावर राहील.